भाऊजींची भिंत

जळगाव जामोदपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत माझ्याइतकी वर्तमानपत्रं वाचलेला माणूस सापडणार नाही. आता ती सगळी एकाच घराच्या भिंतीवर होती, बरीचशी आठ-दहा वर्षं जुनी होती आणि त्यातली निम्मी उलटी चिकटवलेली होती, ही गोष्ट वेगळी. शाळा माझी तिसरीतच सुटली. म्हणजे मास्तरांनी सोडवली. त्यांच्या खुर्चीवर खाजकुहिली टाकणारा निवृत्ती तो हाच, हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं.

भिंत माझ्या थोरल्या बहिणीची, गोजरबाईची. तिचे मालक भगवानराव भाऊजी कापूस घेऊन खामगावला गेले की परत येताना रद्दी आणत. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची, उंदरांनी कुरतडू नये म्हणून तिच्यात तंबाखूचं पाणी घालायचं, आणि मातीच्या भिंतीला कागद लावत सुटायचं. अक्षर त्यांना एक येत नव्हतं. कागदाचं डोकं कुठं नि पाय कुठं, हे मरेपर्यंत समजलं नाही.

माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या पुढच्या पौषात भाऊजी गेले. होळीपासून बाईनं अन्न टाकलं. कंपाउंडर म्हणाला, रोग काही नाही, मन उठलंय. तिला लेकरू नाही. मला तर बायकोही नाही. माझ्या खोड्यांचा लौकिक ऐकून कुणी पोरगीच दिली नाही. ती गेली असती, तर मला 'जेवला का बे' असं विचारणारं गावात कुणी उरलं नसतं.

एका दुपारी तिनं भिंतीकडे बोट केलं. यांनी जन्मभर चिकटवलं त्यात काय लिहिलंय ते मला कधी समजलं नाही, म्हणाली; तेवढं वाचून दाखव, भिंत सरली की मी यांच्याकडे जायला मोकळी. मी अट घातली. रोज एकच कागद, आणि कागदामागे ताकात कुस्करलेली अर्धी भाकर. कबूल झाली.

नुसता मथळा वाचला तर घास किती जाणार? म्हणून मथळ्यापुढं काय झालं ते मी पदरचं सांगू लागलो. 'अष्टग्रहीच्या भीतीने जागोजागी यज्ञ.' मग काय झालं, तर आठ ग्रह जग बुडवायला आलेच होते, पण धुरानं त्यांचे डोळे चुरचुरले आणि जगाऐवजी ते आपल्या कडूबाची झोपडी मोडून गेले. कडूबानं तहसिलीत अर्ज केला. साहेब म्हणाले, आधी ग्रहांना नोटीस द्यावी लागेल, पत्ता आण. 'मैल बंद, किलोमीटर सुरू.' मग काय झालं, तर खामगाव एका रात्रीत लांब गेलं, आणि माहेर दूर पडलं म्हणून तानुबाईची सून रडत बसली. 'माणूस चंद्रावर.' तेव्हापासून अंबूबाई चतुर्थीचा चंद्र पाहताना डोक्यावरून पदर घेते. वर परका पुरुष आहे.

बाई हसायची. हसली की घास जायचा.

वैशाखात भिंत सरत आली. मग मी माझ्या जन्मातली सर्वांत मोठी खोडी केली. उत्तमरावांच्या दुकानातून सात कागद आणले, मैद्याची खळ केली, आणि जेवून बाईचा डोळा लागला की रोज एक हळूच चिकटवू लागलो. सरळ, बरं का. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस मी.

आठव्या दिवशी कागद संपले होते. तिला काय सांगायचं, याचा विचार करत मी निघालो. ऊन असं, की गल्लीत कुत्रं नव्हतं. कुठंतरी होला घुमत होता. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो थांबला. आत अंधार, गारवा... आणि वास. ओल्या खळीचा. तिच्यात तंबाखूचा.

"आला का बे? आज दाराजवळ लावला," बाई म्हणाली. "वाच."

दाराजवळ नवा कागद होता. बोट लावलं, तर खळ ओली. कोमट. आणि कागद उलटा.

बाईला आधाराशिवाय उठून बसता येत नव्हतं.

मी मान वाकडी करून वाचलं. 'पूर्णेवर पूल होणार, डोंगे बंद.' एरवी मी यावर भाकरभर गोष्ट केली असती.

"मंग काय झालं?" बाईनं विचारलं.

"मंग... डोंगेवाल्यानं डोंगा काठाले बांधला... अन् बसून राह्यला. एक सवारी बाकी होती त्याची."

बाई गालात हसली. त्या दिवशी तिनं आख्खी भाकर खाल्ली. मी वाडगं बाजूला ठेवलं. तिच्या पायाशी बसलो आणि सगळं कबूल केलं. ते सात कागद माझे होते. हा माझा नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुह्या खळीले कुठी वास रायते."

"बाई... मी आता वाचत नाही. उद्यापासून बंद."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. लहानपणी फिरवायची तसाच. मग दाराकडे पाहून, उंबऱ्यावर कुणी बसलेलं असावं तशी तिनं डोक्यावर पदर ओढला आणि आवाज अगदी खाली आणला.

"ते तर मघा मले घ्यालेच आले होते. म्या म्हटलं, माहा भाऊ एकटा पडते, वाचनं सरू द्या. तवा उठून त्यायनं हा लावला. आता तूच बंद म्हनतं... मंग सांगू त्यायले, चला म्हनून?"