पहिलं बरं की दुसरं?

मी पडदा सरकवला तेव्हा खाटेवर एक तरुण पोटाची उजवी बाजू दाबून विव्हळत होता, आणि खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? मी काही डॉक्टर नव्हते. डॉक्टरकीला मला दोन विद्यापीठांत जागा मिळाली होती, आणि त्यातलं घराजवळचं बघायला मी आले होते. नव्या मुलांसाठी त्यांनी त्या दिवशी सगळी दारं उघडी ठेवली होती. त्यातलं नेमकं चुकीचं दार मी निवडलं. स्वभावच तो!

"फार दुखतंय का हो?"

"फार... कालपासून..." त्याने डोळे घट्ट मिटले. कपाळावर केस चिकटलेले. चादर आखूड होती, त्यामुळे दोन्ही पावलं उघडीच. मी हात लावून पाहिला, तर बर्फ! चादर खाली ओढली, पावलांभोवती नीट खोचली आणि बोंबलत बाहेर धावले.

बाहेर दोन डॉक्टर निवांत उभे होते. "अहो, आत माणूस मरायला टेकलाय, आणि तुम्ही चहा काय ढोसताय?"

एकाच्या हातातला कप सांडला. दोघं आत धावले, त्यांच्या मागे मी... आणि पाहते तर काय, मरायला टेकलेला माणूस खाटेवर मांडी घालून बसलेला! कान लाल, हात जोडलेले.

"सर, मी बरा आहे. मी खोटा पेशंट आहे."

झालं. सगळा बोळ हसायला लागला. विद्यार्थ्यांना सराव व्हावा म्हणून तिथे अशी माणसं ठेवतात म्हणे. दुखणं पाठ करून झोपायचं, मुलांनी प्रश्न विचारायचे. बाकी सगळ्यांना हे मोठ्या सभागृहात समजावून सांगितलं होतं. मी चुकीच्या दाराने आलेली! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

या खोट्या पेशंटांच्या प्रमुख म्हणजे पांढऱ्या केसांच्या एक मॅडम. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुमची आधीची ओळख नाही ना गं? आमच्याकडे ओळखीचा पेशंट चालत नाही. ओळख असली की विचारणारा नीट विचारत नाही, आणि सांगणारा नीट सांगत नाही."

"ओळख? या माणसाशी?" मी म्हणाले आणि तरातरा बाहेर पडले.

बसथांब्यावर बारीक झिमझिम चालली होती आणि वारा बोचत होता. मागून हाक आली.

"ओ डॉक्टरीणबाई!"

मी वळले नाही.

"अहो, पेशंटला असं वाऱ्यावर सोडून जातात का?"

"फसवलंत तुम्ही मला."

"ते माझं कामच आहे. पण एक सांगू...?" तो शेजारी येऊन उभा राहिला. घाईत शर्टाची बटणं वरखाली लागली होती. "आजवर सगळ्यांनी माझं पोट दाबलं. पाय कुणीच झाकले नव्हते."

आता यावर माणसाने रागवायचं कसं? मी वळले, आणि तिथेच घात झाला. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटतो.

"तुम्ही एरवी काय करता?" मी विचारलं.

"नाटकात आहे. मला तिथे दोनच कामं मिळतात. दार उघडणाऱ्या नोकराचं, नाहीतर दार लावणाऱ्या नोकराचं. इथे निदान मुख्य भूमिका असते. आज अपेंडिक्स, उद्या दमा."

बस आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर हा पठ्ठ्या पोटावर हात ठेवून पुन्हा विव्हळत होता. थांब्यावरच्या एका काकूंनी घाबरून त्याला धरलं, तेव्हा मला इतकं हसू आलं की शेजारची बाई सरकून बसली.

---

आमचं चष्म्याचं दुकान आहे. बाबा डोळे तपासतात, काचा घासून बसवतात. आठवड्याभरात हे महाशय तिथे हजर! मी गल्ल्यावर. मला पाहून जणू ओळखच नाही असा चेहरा.

"दूरचं अंधुक दिसतं हो," तो बाबांना म्हणाला.

बाबांनी त्याला मागच्या काळोख्या खोलीत खुर्चीवर बसवलं. मी दाराशी कान लावला. बाबा डोळ्यांसमोर एक काच धरतात, मग दुसरी, आणि तोच प्रश्न, जो मी लहानपणापासून ऐकत आलेय—"पहिलं बरं की दुसरं?"

"दुसरं," तो म्हणाला. "कितीतरी बरं!"

बाबा बाहेर आले. "दोन्ही साध्या काचा होत्या. या मुलाचे डोळे ठणठणीत आहेत. त्याला अंधुक काही दिसत नाही, उलट माझी मुलगी फार स्पष्ट दिसतेय."

त्याचे कान पुन्हा लाल. मी गल्ल्याखाली न पडलेलं काहीतरी शोधायला वाकले. पण बाबांनी त्याला हाकललं नाही हो! दुकानाच्या पाटीवरचा दिवा बंद पडला होता, तो दुरुस्त करून घेतला. नाटकात दिवेही तोच लावायचा.

मग तो येतच राहिला. मी त्याला 'पेशंट' म्हणायचे, तो मला 'डॉक्टरीणबाई'. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणी आधी केलं, यावर आमचं अजून भांडण होतं.

इकडे माझं घोडं अडलं होतं. कुठल्या विद्यापीठाला होकार द्यायचा? घराजवळचं जुनं, नावाजलेलं. तिथे पहिली दोन वर्षं नुसती पुस्तकं आणि व्याख्यानं, पेशंट त्यानंतर. दुसरं रात्रभराच्या प्रवासावर, समुद्राकाठी. नवं, लहान, पण तिथे पहिल्याच महिन्यात पेशंटसमोर उभं करतात.

"जवळचंच घे," लोकरीच्या सुया चालवत आत्या म्हणायची. आत्या आमच्याकडेच राहते, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असतं. "त्याचं नाव आहे. त्या दुसऱ्याचं नाव कुणी ऐकलंय? तिथे शिकलेल्या डॉक्टरकडे खोकला तरी घेऊन जाईल का कुणी?"

आईने मला एवढंच विचारलं, "तुला काय वाटतं?" आणि तेच सांगता येत नव्हतं. लांबच्या विद्यापीठाचं नुसतं नाव काढलं तरी मी विषय बदलायचे. घर सोडून मी कधी राहिले नव्हते. आणि आता तर जवळच्यासाठी आणखी एक कारण होतं... एक डोळा जास्त मिटणारं.

तो दोन्हीकडे जायचा. महिन्यातून एकदा मॅडम सगळ्या खोट्या पेशंटांना घेऊन समुद्राकाठच्या विद्यापीठातही जायच्या. म्हणजे दोन्ही विद्यापीठं खाटेवर पडून पाहिलेला माझ्या ओळखीत हा एकटाच.

"सांग ना, कुठलं चांगलं?"

"मी आजारी माणूस. मला काय कळतंय?"

"टाळू नकोस."

"दमा आहे मला... बोलवत नाही..."

असं तीनचारदा झालं. शेवटी होकार कळवायची वेळ आली. त्याच्या नाटकगृहाच्या मागच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. त्याच्या हातात वायरचं भेंडोळं होतं. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "उद्या जवळच्यालाच हो म्हणून टाकते. सगळ्यांचीच सोय."

मला वाटलं होतं, हा उडी मारेल. तो वायर गुंडाळतच राहिला.

"नको," तो म्हणाला.

"काय नको?"

"इथली मुलं हुशार आहेत. सगळे प्रश्न बरोबर विचारतात, एकही चुकत नाही. पण तोवर दोन वर्षं पुस्तकांत गेलेली असतात. तिथली नवी पोरं... निम्मं चुकतात गं. एकीने तर माझी नाडी कोपरावर शोधली! पण जाताना विचारते, 'घरी न्यायला कोणी येणार आहे का?' मला तेव्हा दर वेळी तू आठवतेस. तुला माणूस समोर दिसला की सुचतं. दोन वर्षं तुला माणसापासून लांब ठेवलं तर तू कोमेजशील. तिथे जा."

"आणि तू?"

"मी इथेच. माझी दारं इथे आहेत ना, उघडायची आणि लावायची." त्याने हसायचा प्रयत्न केला, पण डोळे काही मिटले नाहीत. "म्हणून तर सांगत नव्हतो. मला वाटत होतं, तू आपणहून इथलं घ्यावंस. मग मी खोटं बोललो असं झालं नसतं."

मला इतका राग आला! त्या क्षणी तो मला हवा होता, आणि तो मला लांब धाडत होता. मी उठले आणि चालू लागले. खरं सांगू? त्याने मागून हाक मारावी म्हणून मी मुद्दाम हळू चालत होते.

त्याने हाक मारली नाही.

दुकानात आले तेव्हा बाबा काच घासत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी मशीन बंद केलं. "बस खुर्चीत."

"बाबा, माझे डोळे चांगले आहेत."

"बस म्हटलं ना."

काळोख्या खोलीत समोरची अक्षरं उजळली. बाबांनी काच धरली. "हे जवळचं विद्यापीठ." दुसरी धरली. "हे लांबचं. पहिलं बरं की दुसरं?"

"दोन्ही सारखंच दिसतंय."

"दिसणारच. दोन्ही चांगली आहेत, त्यात दोष नाही. आता एवढंच बघ, जवळचं तुला आवडलंय म्हणून घेतेयस, की लांबच्याला भितेयस म्हणून?"

मी रडायला लागले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दिवा लावायची मुळीच घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी समुद्राकाठच्या विद्यापीठाला होकार कळवला. आत्या संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही, आणि मग माझ्यासाठी मोजे विणायला घेतले. रागारागात विणले, त्यामुळे ते इतके मोठे झाले की माझे दोन्ही पाय एकात मावले असते.

निघताना स्टेशनवर तो आला. बाबांनी त्याला माझी पेटी उचलायला लावली आणि आईला, आत्याला घेऊन वर्तमानपत्र आणायला गेले. एक वर्तमानपत्र आणायला तिघं!

"रागावली आहेस?" त्याने विचारलं.

"हो." मी पिशवीतून मोजे काढून त्याच्या हातात कोंबले. "खाटेवर पडतोस तेव्हा घालत जा. चादरी सगळीकडे आखूडच असतात."

गाडी हलली. पुष्कळ काही बोलायचं होतं, पण कसलं बोलतेय... तो हातातले मोजे हलवत राहिला आणि स्टेशन मागे पडलं.

---

तिथे पहिले काही दिवस मी रोज रडले आणि रोज शिकले. आणि मग खरंच, महिनाही झाला नव्हता, आम्हाला पडद्यामागे पाठवायचा दिवस आला. बोळात रांगेत उभी होते. दारातून पांढरे केस डोकावले.

"अगं, तू ती! चहा सांडवणारी!" मॅडमनी मला बाजूला घेतलं. "तुला तिसरी खाट दिली होती. तर यादीत तुझं नाव पाहून तिथला पेशंट उठून बसलाय. म्हणतो, हिला मी चालणार नाही, ओळख आहे. मी विचारलं, ही तुझी कोण लागते? तर एरवी पोपटासारखा बोलणारा मुलगा, तोंडाला कुलूप!"

त्यांच्या मागून तो बाहेर आला. अंगात पेशंटचा ढगळ झगा, पायांत आत्याचे मोजे. अगदी बेतून विणल्यासारखे बसले होते.

"मॅडम विचारतायत..." तो म्हणाला. "काय सांगू?"

"मला काय विचारतोस? तुला विचारलंय."

"माझं उत्तर केव्हाचं पाठ आहे. तुझ्याशी जुळतंय का, तेवढंच बघायचं होतं."

"हे बघा, मला दिवसभर वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. "मैत्रीण, मावसबहीण, काय ते—"

"बहीण नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. रांगेतली सगळी मुलं वळून बघायला लागली.

आता लाजून काय उपयोग? मी मॅडमकडे वळले. "मॅडम, मी आज इथे आहे ती याच्यामुळे. मी जवळ राहावं असं याला वाटत होतं, तरी यानेच मला इकडे पाठवलं. अशा माणसाला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. पण... तो माझा आहे."

त्याचे कान तर विचारूच नका!

"जुळलं," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे ओळख आहे," मॅडमनी चष्मा पुसला. "तू जा पाचव्या खाटेवर. आणि तू रे, बाहेर बस. आज तुला काही दुखत नाही."

पाचव्या खाटेवर एक आजी खोकत होत्या. मी निम्मे प्रश्न विसरले, पण आजींनी जाताना माझा हात दाबला.

बाहेर तो बाकावर पाय लांब करून बसला होता. "काय झालंय आजींना?"

"माहीत नाही. खोकला कधीपासून आहे, तेच विचारायचं राहिलं."

"मग विचारलंस काय?"

"पाय गार पडलेत का."

तो हसला, तसाच, एक डोळा जास्त मिटून. मी शेजारी बसले. एवढे दिवस साठवून ठेवलेलं तेव्हा बोलले. "ऐक. त्या दिवशी पायरीवर तू खोटं बोलू शकला असतास. बोलला नाहीस. तुझं हे ऋण आहे माझ्यावर."

"फेडणार आहेस?"

"मुळीच नाही. तुझ्या ऋणातच राहणार आहे. जन्मभर."

त्याने माझा हात हातात घेतला. त्याचे हात गरम होते.

"चल, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. "चहा ढोसू."