आबांची परवानगी

भाईंदर पूर्वेला असं एकही सॉफ्टवेअर नाही जे माझ्या हाताने बसत नाही. हे मी नवघर रोडवर वडापावच्या गाडीसमोर, लोकांच्या देखत बोललो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी लवूकाकांचा फोन आला.

"निकेत, जरा येतोस काय? नेहाचं ते गणिताचं सॉफ्टवेअर बसत नाय. संध्याकाळी त्याच्यावरच ऑनलाइन पेपर आहे तिचा."

"काकींना चहा टाकायला सांगा. उकळायच्या आत बसवतो."

चहा उकळला. प्यायलो. दुसराही प्यायलो.

त्यांची आतली खोली म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि खिडकीला चिकटून डेस्कटॉप. समोरच्या बिल्डिंगचं किचन इतकं जवळ की फोडणी त्यांची आणि शिंक आपली. नेहाच्या खुर्चीमागे कोरी भिंत. मागे काही दिसता कामा नये असा परीक्षावाल्यांचा नियम, म्हणून तिथला हार घातलेला फोटोसुद्धा उतरवून पलंगाखाली ठेवलेला.

इन्स्टॉल दाबलं की स्क्रीनवर एकच चौकट यायची. अॅडमिनची परवानगी हवी. अॅडमिन: आबा. पासवर्ड टाका.

"आबा कोण?"

"माझे वडील," लवूकाका म्हणाले. "वारले. लाइटचं मीटर आबांच्या नावावर, गॅस आबांच्या नावावर, फ्लॅट आबांच्या नावावर. मग कॉम्प्युटर काय माझ्या नावावर घेणार?"

"आणि पासवर्ड?"

"तो पण त्यांच्याच नावावर."

मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्याने अख्ख्या रोडचे पासवर्ड उडवलेत, काही नवऱ्यांचे तर बायकांच्या सांगण्यावरून. त्याची लाइट एकदा लुकलुकली आणि तो कायमचा गेला. मग आडवाटेने माझं नवीन अॅडमिन अकाउंट बनवलं. रीस्टार्ट केलं तर अकाउंट गायब. चौकट तशीच. आबा.

"दादा, काहीतरी करा ना," नेहा म्हणाली. "पेपर चुकला तर वर्ष जाईल. मग बाबा मला मामाच्या मेडिकलमध्ये बसवणारेत."

"बसवणारच," काका म्हणाले. "फिया काय झाडाला लागतात?"

तेवढ्यात शालूकाकी आल्या. हातात जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या. एक त्यांनी मॉनिटरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवली, एक डाव्या.

"काकी, हे काय?"

"कौल. आमच्या गावी देवळात लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय."

"अहो, हा मॉनिटर आहे. ग्रामदैवत नाही."

"तुला पासवर्ड काढता आला काय?"

काकींनी हात जोडले. "आबा, पोरीचं वर्ष जातंय. बसू द्या ते."

उजवी पाकळी सुटली आणि कीबोर्डवर पडली. चौकट आपोआप गेली. हिरवी पट्टी पुढे सरकायला लागली.

मॉनिटर तापतो, पाणी सुकतं, पाकळी सुटते. हे मी सगळ्यांना नीट समजावलं. चौकट का गेली, ते समजावायचं राहून गेलं.

पट्टी अर्ध्यावर थांबली. परत चौकट, परत आबा. काकींनी परत पाकळ्या लावल्या.

या वेळी डावी पडली.

"झालं," काका उठले. "आबा नाय म्हणतात."

"परत लावा ना," मी म्हटलं.

"एकदा नाय आल्यावर परत विचारत नाय कोण."

नेहा रडायला लागली, आवाज न करता. ते मला बघवेना. खरं सांगायचं तर वडापावच्या गाडीसमोर काय तोंड दाखवणार, तेही होतंच. "माझ्या जबाबदारीवर लावा," मी म्हटलं.

काकींनी लावल्या आणि डोळे मिटले. प्रोसेसरवर थापायची चिकट पेस्ट माझ्या बॅगेत असतेच. बोटावर थोडी घेतली आणि डाव्या पाकळीखाली दाबली.

उजवी पडली. पट्टी सरसर पुढे गेली. सॉफ्टवेअर उघडलं. काकींनी पदराने डोळे पुसले.

काका डाव्या पाकळीकडे बघत होते. "ही जराशी पण कशी नाय हलली?"

"आबांना विचारा," मी म्हटलं आणि हसलो. माझ्याशिवाय कोणी हसलं नाही.

पेपर सुरू झाला. नेहा आत एकटी, आम्ही तिघं दाराबाहेर. कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या मॅडमचा आवाज आला.

"नेहा, पीछे कौन बैठे हैं?"

"कोणी नाही मॅडम."

"बेटा, दादाजी बैठे हैं. उनको बाहर भेजो."

नेहाने वळून बघितलं. कोरी भिंत. काकींनी दाराची कडी घट्ट धरली आणि हळूच म्हणाल्या, "आबा, या ना बाहेर. पोरीचा पेपर आहे."

"वो तो हँस रहे हैं," मॅडम म्हणाल्या.

"कॅमेऱ्याचा ड्रायव्हर असणार," मी म्हटलं. "थांबा, मी बोलतो."

आत गेलो. नेहाच्या खांद्यावरून वाकून कॅमेऱ्यात तोंड घातलं.

"मॅडम, मी निकेत. कॉम्प्युटर रिपेअरवाला. इथे दुसरं कोणी नाही."

मॅडम आता सरळ माझ्याशीच बोलल्या.

"दादाजी, प्लीज. उसको आन्सर मत बताइए."

"मी कुठे काय सांगतोय?"

"सब रेकॉर्ड हो रहा है, दादाजी."

मी तोंड बंद केलं.

नेहा माझ्याकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे.

"दादा," ती म्हणाली, "गप्प बसा ना."

पेपर कॉपीत गेला, वर्षही गेलं. मॅडमनी लवूकाकांना फोन करून कळवलं, की आजोबांनी सांगितलेली सगळी उत्तरं बरोबर होती, त्यामुळे कॉपीबद्दल शंकेला जागाच नाही.