तिसऱ्या हाकेला ओ

सिकोता मरून बराच काळ लोटला होता, तरी रोज पहाटे तो न चुकता गरजायचा. गरजला की टेबलावरचे स्टीलचे मग किणकिणायचे आणि चहात साखर घालणारा केतकीचा हात मधेच थांबायचा. इथे येऊन रुळली होती ती, तरी चिमूटभर साखर सांडायची ती सांडायचीच.

"अजून घाबरतेस, केटी?" थोको विचारायची. "मेलाय तो."

"घाबरत नाही, ऐकतेय," केतकी म्हणायची आणि सांडलेली साखर हळूच पुसून टाकायची.

थोको कलुंदा अभयारण्यात सिंहांचा माग काढायची आणि जीपही तीच चालवायची. केतकी डुंबरे ओतूरची. दहावीची परीक्षा दिल्यावर इतर मुली मामाच्या गावाला गेल्या, ही थेट झांबियाला आली होती, सिंह वाचवण्याचं काम शिकायला. ओतूरच्या बसस्टँडवर तिचा फ्लेक्ससुद्धा लागला होता. त्यात तिच्या फोटोशेजारी चक्क वाघ छापला होता, पण ती इतकी खूश होती की तिने कोणाला काही म्हटलं नाही.

सिकोताचा आवाज यायचा तो हाकखांबातून. नदीकाठी विजेच्या खांबाएवढा एक राखाडी खांब उभा होता. त्याच्या डोक्यावर कर्णा होता आणि अंगावर आवाज टिपणारे कान. सिंहांच्या कळपातला नर दिवसभर लोळत पडलेला दिसतो खरा, पण सकाळ-संध्याकाळ गरजून तो सगळ्या रानाला बजावत असतो, की हा मुलूख माझा आहे. तो आवाज बंद पडला की बाहेरचे नर आत घुसतात आणि सगळ्यात आधी पिल्लं मारून टाकतात. सिकोता चोरट्या शिकाऱ्यांनी लावलेल्या तारेच्या फासात अडकून मेला, तेव्हा त्याच्या तीन लेकी मांजराएवढ्या होत्या. त्यांची आई आमाई एकटी काय काय करणार होती?

अभयारण्यातल्या संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉ. क्षीरसागर मूळच्या सोलापूरच्या. त्यांच्याकडे सिकोताच्या गर्जना कित्येक वर्षं साठवलेल्या होत्या. माणसाच्या बोटाचा असतो तसा प्रत्येक सिंहाच्या आवाजाचाही ठसा असतो. त्या गर्जनठशावरून यंत्र दर वेळी नवी गर्जना रचायचं, सिकोताचीच, पण त्याने जिवंतपणी कधीच न केलेली. बाहेरचे नर फिरकले नाहीत आणि तिन्ही लेकी वाढल्या.

एकच अडचण होती. पहिला खांब घड्याळावर गरजायचा. कोणी साद घातली तरी ढिम्म. मग आसपासच्या अभयारण्यांनी, खांब कोणाला लागतोय हे न सांगता, मिळून जगभरच्या शाळांसाठी एक स्पर्धा ठेवली: खांबाला उत्तर द्यायला शिकवा. बहुतेकांनी तत्काळ उत्तर देणारा खांब केला. केतकीने मात्र विमलआत्याचा नियम लावला. ओतूरच्या उसाच्या मळ्यांत दिवेलागणीनंतर कोणी हाक मारली तर आत्या पोरांना ओ देऊ द्यायची नाही. हाकमारी असते म्हणायची ती, ओळखीच्या आवाजात बोलावून घेऊन जाते. पहिल्या हाकेला गप्प राहायचं, दुसऱ्या हाकेलाही गप्प राहायचं आणि तिसरी आली तरच ओ द्यायची. केतकीचा खांब तसाच वागायचा. दोन गर्जना नुसत्या ऐकून घ्यायचा आणि तिसरीला उत्तर द्यायचा.

परीक्षकांनी लिहिलं की या उत्तरात एका अनुभवी नराचा सावधपणा आहे. आत्याला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "नराचा कसला? माझा आहे." केतकीची आज्ञावली सगळ्या अभयारण्यांना पाठवण्यात आली आणि बक्षीस म्हणून केतकीला इथे.

आता तिचं काम म्हणजे थोकोच्या शेजारी बसून आमाईवर लक्ष ठेवायचं. आमाई म्हणजे तिकडच्या भाषेत आईच. उजाडताना ती खांबाशी यायची, त्याला अंग घासायची आणि बुंध्याशी बसून राहायची. एकदा तर ती खांबाभोवती गडाबडा लोळली. चारी पाय वर करून, घशातून घुरघुरत. केतकीला हसू आवरेना.

"ही काय लाडात आलीय बघ."

थोको हसली नाही. "ती माजावर आहे, केटी. नवऱ्याला बोलावतेय."

केतकीचं हसू तिथेच विरलं. काही दिवसांनी थोरली लेकही त्याच खांबाशी तशीच लोळायला लागली.

त्या दिवशी जेवताना डॉक्टरांनी विषय काढला. खांबाने पिल्लं वाचवली होती, पण तोच आता नर येऊ देत नव्हता. चार माद्या आणि एक खांब, एवढाच कलुंदाचा कळप उरला होता. आमाईची उमर उतरत चालली होती. तिला किंवा लेकींना लवकर पिल्लं झाली नाहीत, तर याच चौघी इथल्या शेवटच्या ठरणार होत्या. लेकी आता मोठ्या झाल्या होत्या, त्यामुळे नवा नर आला तर त्यांना धोका नव्हता. नदीपलीकडे मुसोले अभयारण्य होतं. तिकडून रोज दोन नरांच्या गर्जना ऐकू यायच्या, भाऊ-भाऊ असावेत असे ठसे होते. खांब बंद केला तर त्यांच्यातला एखादा नदी ओलांडून येईल.

"बटण कोण दाबणार?" डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या ओतूरच्या शास्त्रज्ञ बाई."

केतकीने बटण दाबलं. कितीतरी वेळ तिला वाटत राहिलं, की सिकोता आत्ता मेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेबलावरचे मग किणकिणले नाहीत. आमाई आली, खांब हुंगला, त्याच्यावर पंजे टेकून उभी राहिली, वर बघितलं. मग नदीकडे तोंड करून गरजली. पलीकडे सगळं शांत. ती पुन्हा गरजली. तरी शांत. तिसऱ्यांदा तिने असा काही आवाज काढला की जीपची काच थरथरली, आणि पलीकडून उत्तर आलं. खोल, भरदार, एका नराचं.

थोकोने स्टिअरिंगवर ताल धरला. वायरलेसवर डॉक्टरांचा आवाज आला, "काय गं, नवरदेव निघाले वाटतं?" केतकीला रडूच यायला लागलं, इतका आनंद झाला तिला. मांडव घालायचा बाकी आहे, असं तिने आईला कळवूनही टाकलं.

नवरदेव आले नाहीत. आमाई रोज साद घालायची, उत्तर रोज यायचं, पण नदीच्या वाळूत आमाईच्याच पावलांचे ठसे असायचे. थोको म्हणाली की नर आळशीच असतात. डॉक्टर म्हणाल्या, नदीला पाणी जास्त आहे. केतकी रोज वाळूतले ठसे पुन्हा पाहून यायची. तिला काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

ते कळलं एका सकाळी, जेव्हा आमाई दोनदाच गरजली आणि लेकीने शिकार उठवली म्हणून तिकडे धावत गेली. पलीकडून काही आलं नाही. केतकी हातातला चहा तसाच धरून बसली. मग तिने मागचे सगळे दिवस आठवून पाहिले. उत्तर कधी पहिल्या सादेला आलं होतं का? कधी दुसऱ्या?

"थोको, गाडीच्या कर्ण्यावरून सिकोताचा आवाज लावता येईल?"

"का?"

"लाव ना. एकदाच."

थोकोने एकदा लावला. मग केतकीच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा. नदी शांत वाहत होती. तिसऱ्यांदा लावला आणि पलीकडचा नर गरजला. दोघी नदीच्या पुढच्या वळणावर गेल्या, तिथे दुसऱ्या भावाचा आवाज यायचा. तिथेही तेच झालं. पहिली, दुसरी, आणि तिसरीला ओ.

थोको तिच्याकडे बघत राहिली. केतकीने पलीकडच्या काठाकडे बोट केलं. "सिंह नाहीये तो," ती म्हणाली. "मी आहे."

डॉक्टरांना आधी पटेना. जिवंत सिंहही सावध असतात, योगायोग असेल, असं म्हणून झालं. पण बोलता बोलताच त्यांनी मुसोलेच्या प्रमुखांना फोन लावला. ते बरेच आढेवेढे घेत होते. शेवटी त्यांनी कबूल केलं, की त्यांचे दोन्ही नर मागच्या कोरड्या हंगामात साथीत गेले. त्यांनी खांब उभे केले आणि वाच्यता केली नाही, कारण राखणारा नर नाही हे कळलं की तारा लावणारे सोकावतात. शिवाय त्यांना काळजी वाटत नव्हती. तुमच्या बाजूने रोज एका दांडग्या नराचा आवाज येत होता ना, ते म्हणाले. आमच्या माद्यांना तो मिळेल, असं धरून चाललो होतो आम्ही.

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला. सिकोता मेल्याचं त्यांनी तरी कुठे कोणाला सांगितलं होतं?

मग जगात जिथे जिथे रानातले सिंह उरले होते, त्या सगळ्या अभयारण्यांना फोनमागून फोन झाले. मुसोलेच्या पलीकडच्या अभयारण्याने मुसोलेच्या गर्जना ऐकून तिथे नर आहेत असं धरलं होतं. त्याच्या पलीकडच्यांनी त्याच्या गर्जना ऐकून. केतकीची आज्ञावली सगळ्यांनी घेतली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. खांब उभा केला की नाही, हे मात्र कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मोजदादीची यंत्रं प्रत्येक खांबाचा निराळा ठसा एकेक जिवंत नर म्हणून धरत होती. गेली दोन वर्षं आकडा एकानेही घटला नव्हता. त्याबद्दल परिषदेत टाळ्याही वाजल्या होत्या. भिंतीवर एक मोठा नकाशा होता आणि त्यावर दर नरासाठी एक पिवळी टाचणी. थोको एकेक फोन झाला की एकेक टाचणी काढून मुठीत ठेवत होती. तिची मूठ भरत गेली, तसं सगळ्यांनी तिच्याकडे बघणं टाळलं.

"पिंजऱ्यातले सिंह आहेत की जगात," केतकी म्हणाली. "त्यांना आणून सोडू."

"सोडता येतील," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यांच्या बापांनीसुद्धा कधी शिकार केलेली नाही, बाळा. दोन आठवडे जगतील." त्यांनी केतकीला पहिल्यांदाच बाळा म्हटलं होतं, आणि त्यामुळेच तिला खरी भीती वाटली.

एकच गोष्ट करायची उरली होती. सगळ्या अभयारण्यांनी मिळून एक दिवस ठरवला. त्या पहाटे सगळे खांब बंद ठेवायचे, एकही अपवाद न करता, आणि खरोखर कोण उरलं आहे ते नुसतं ऐकायचं.

आदल्या संध्याकाळी केतकीने आत्याला फोन केला. काय झालं ते तिने सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की आत्या, तिसऱ्याच हाकेला का गं?

"अगं, हाकमारीला दोनच हाका मारता येतात," आत्या म्हणाली. "तिसऱ्यांदा मारतंय ते आपलं माणूस. मग त्याला ओ द्यायचीच. नाही दिली तर ते बिचारं अंधारात शोधत फिरेल ना."

उजाडायच्या आधीच दोघी जीप घेऊन खांबापाशी जाऊन थांबल्या. डॉक्टरही आल्या होत्या. वायरलेसवर एकेका अभयारण्याचा आवाज आला, आमचा बंद, आमचा बंद, आणि मग तोही थांबला. रान इतकं शांत केतकीने कधी ऐकलं नव्हतं. पाखरं होती, नदीत पाणघोडे फुरफुरत होते, पण या सगळ्याच्या वर जो एक आवाज असायला हवा होता, त्याची जागा रिकामी होती.

आमाई आली. तिच्या मागे तिन्ही लेकी. ती खांबाशी बसली नाही, सरळ पाण्याच्या कडेला गेली आणि गरजली.

पलीकडून काही आलं नाही.

दुसऱ्यांदा गरजली. केतकीने नकळत थोकोचा हात धरला. थोकोने तो सोडवून घेतला नाही.

तिसरी साद दूरवर गेली, पलीकडच्या डोंगरापर्यंत जाऊन विरली. त्या वाट बघत राहिल्या. मुसोले शांत होतं, मुसोलेच्या पलीकडचं रान शांत होतं. वायरलेसवर कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तो पुसायचा विसरून नुसता हातात धरून ठेवला.

आमाई थांबली नाही. ती गरजतच राहिली. मग थोरली लेक तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही तोंड उघडलं. आवाज अजून पुरता फुटला नव्हता तिचा.

खांबाचं बटण केतकीच्या मांडीवरच्या पेटीत होतं आणि तिचं बोट त्यावर टेकलं होतं. ते दाबलं असतं तर सिकोता गरजला असता, आमाई वळून खांबाशी आली असती, शांत बसली असती. उद्याही, परवाही, ती आणि तिच्या लेकी म्हाताऱ्या होईपर्यंत. आणि नाही दाबलं तर?

"मॅडम," केतकी म्हणाली, "तिच्या तीन हाका होऊन गेल्या. आता ओ कोणी द्यायची?"

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. नदीकाठी आमाई पुन्हा गरजली, आणि केतकीचं बोट बटणावर न दाबता तसंच राहिलं.