न वाळलेलं व्हार्निश

रोवन आला होता शेजारच्या गॅरेजात पंक्चर काढायला. हेस्टरच्या उघड्या दारातून त्याला तार गुंडाळायचं मशीन फिरताना दिसलं आणि तो टायर विसरून थेट आतच शिरला. इप्सविचमधल्या त्या कोंदट शेडमध्ये ती जुन्या रेकॉर्डिंग यंत्रांचे ट्रान्सफॉर्मर हुबेहूब नव्याने बनवायची. आणि तो चार वर्षं अशाच कुणालातरी शोधत होता.

त्याच्या स्टुडिओतल्या आवाज मिसळायच्या म्हाताऱ्या मिक्सरचा एकच ट्रान्सफॉर्मर धड उरला होता. तो उलगडल्याशिवाय नक्कल होणार नव्हती. हेस्टर केसाएवढी तार फेऱ्याफेऱ्याने सोडायची... मशीनवर आकडा दिसत होताच, तरी तिने रोवनला मोजायला बसवलं.

"तुमच्याकडे बघितलं की आकडा चुकतो," तो म्हणाला.

"मग भिंतीकडे बघून मोजा."

"भिंत लाजत नाही ना..."

नवे ट्रान्सफॉर्मर झाले, व्हार्निशमध्ये बुडवून टांगले. वाळल्याशिवाय न्यायचे नाहीत, तिने बजावलं. शुक्रवारी तो आला, तर म्हणाली, अजून ओले आहेत. पुढच्या शुक्रवारी हवेला दोष दिला. खरं तर चौथ्या दिवशीच ते खडखडीत वाळले होते. पण गरज सरो, वैद्य मरो — एकदा माल हातात पडला की हा कशाला येतोय? शुक्रवारची तिला नुसती चटक लागली होती. असे चार शुक्रवार गेले.

पाचव्या शुक्रवारी तो आला नाही. फोनही उचलेना. तीन आठवड्यांनी दारात उभा राहिला, तेव्हा वाळून काटकी झाला होता आणि कानामागे ताजी जखम होती.

"एक कान आधीच गेला होता," तो जरा जास्तच मोठ्याने बोलला. "दुसऱ्यामागे गाठ होती. घाईने काढावी लागली. आता काही ऐकू येत नाही, हेस्टर. लिहून सांग."

म्हणजे याला त्या मिक्सरचा आवाज कान जाण्याआधी ऐकायचा होता. स्वतःची इतकी चीड तिला कधी आली नव्हती. तिने कागद ओढला आणि लिहिलं — पहिल्याच आठवड्यात वाळले होते. मी खोटं बोलले. तू यायचा थांबशील म्हणून.

त्याने सावकाश वाचलं.

"माहीत होतं. तू चहा करायला गेलीस, तेव्हा बोट लावून बघितलं होतं."

"मग नेले का नाहीस?" ती ओरडलीच. त्याने ओठांवरून ओळखलं.

"नेले असते, तर मी तरी कुठल्या निमित्ताने आलो असतो? हिवाळाभर तरी ऐकू येईल असं डॉक्टर म्हणाले होते. वाटलं, अजून एक शुक्रवार... मग अजून एक."

ती टेबलाला वळसा घालून त्याच्यापाशी गेली. डोळे गळत होते, ते तिने पुसले नाहीत. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाली, "माझा जीव जडलाय तुझ्यावर."

रोवन तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"नीट दिसलं नाही," तो म्हणाला. "परत सांग... हळू."

त्याला नीट दिसलं होतं. तिने परत सांगितलं.