हारोचं राखीव कुरण

मार्साबितच्या उत्तरेकडची ती गुरं पाळणारी बोराना माणसं दोन वर्षं एकाच आशेवर होती: हारोच्या खिंडीपलीकडचं राखीव कुरण. वर्षातून दोनदा येणारा पाऊस लागोपाठ तीन वेळा हुकला, तरी खिंडीच्या तोंडाशी आडवी टाकलेली काटेरी फांदी कुणी हलवली नव्हती. ही बंदी घालायला पंचांना भाग पाडलं होतं एलेमानं. चराईच्या पंचांमधली ती एकटी बाई! त्यापायी तिनं अख्ख्या गावाच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

आता त्या कुरणाची पाहणी करायला तिघं निघाली होती: एलेमा, म्हातारा वाटाड्या जाल्देसा आणि तिच्याशी कायम वाकड्यात असलेला बोनाया. पाण्याचे दोन डबे बोनायाच्या गाढवावर होते. गवत असलं तर मूठभर उपटून काठीला बांधून आणायचं, अशी रीत होती. रिकामी काठी म्हणजे रिकामं कुरण. चौथ्या दिवशी दुपारी गावाची सगळी गुरं खिंडीच्या तोंडाशी येणार होती. त्याहून जास्त थांबण्याचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

"गवत नसलं ना, पंचबाई," बोनाया म्हणाला, "तर परत गावात यायचं नाव काढू नकोस."

"आधी पाय उचल. गाढव तुझ्या पुढं गेलं बघ."

"जाणारच! बायकोपेक्षा जास्त ऐकतं ते माझं."

पहिल्या संध्याकाळी त्यांनी फांदी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी काळ्या दगडांच्या त्या खिंडीत पायांची सालं निघाली. वारा नव्हता, पाखराचा आवाज नव्हता. जाल्देसा बोलायचा थांबला होता, आणि एलेमाला तेच आवडत नव्हतं.

शेवटचं वळण आलं. समोर गवत! कमरेएवढं, पिवळसर हिरवं, नजर पोचेल तिथवर! एलेमाला रडूच फुटलं. बोनायानं आरोळी ठोकली, मूठभर गवत उपटून काठीला बांधलं आणि गाढवाला मोकळं सोडलं. ते अधाशासारखं चरू लागलं.

"वास येतोय?" जाल्देसा हळूच म्हणाला.

गवताआड गिधाडं बसली होती. जवळ गेलं तरी उडेनात, इतकी ती खाऊन सुस्तावली होती. त्यांच्या मधोमध झेब्रे पडले होते, अकरा. पोटं टम्म फुगलेली. नाकातून काळं रक्त वाहत होतं, आणि ते गोठलंच नव्हतं.

"मागं व्हा! हात लावू नका! काळपुळी आहे ही!" म्हातारा ओरडला. "माझ्या बापाचा अख्खा कळप हिनं नेला. मातीत मुरून बसते ही, पोरी."

"किती दिवस, आबा?"

"बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. त्या जागी आम्ही अजून गुरं नेत नाही."

"आणि घरी उपाशी मरताहेत त्या गाई?" बोनाया उसळला. "त्यांना काय गवत बाधलं? मी ही काठी पंचांना दाखवणार म्हणजे दाखवणार!" त्यानं गाढव ओढून आणलं, पण तोवर त्याचं पोट भरलं होतं.

परतताना जाल्देसानं एलेमाला बाजूला घेतलं. "सरळ सांग, गवत नव्हतं. भांडण मिटेल."

"आणि उद्या कुणी चोरून येऊन बघेल, आबा. गुरं आत घालेल. मग आपली एकही बंदी कुणी मानणार नाही."

चौथ्या दिवशी सकाळी गाढव थरथरू लागलं. चार पावलं गेलं आणि कोसळलं! एक डबा दगडावर फुटून पाणी वाहून गेलं. गाढवाच्या नाकातून काळी धार लागली. बोनाया त्याचं डोकं मांडीवर घ्यायला धावला, तशी एलेमानं त्याचा पंचा धरून त्याला मागं खेचलं. तो धडपडला, ओरडला, आणि मग लहान मुलासारखा हुंदके देत बसून राहिला. उठला तेव्हा त्यानं गवतासकट काठी पेटवून दिली.

"चला," एलेमा म्हणाली. "गुरं पोचली असतील!"

तिघं पळत सुटली. ठेचाळली, पडली, पुन्हा उठली. म्हाताऱ्याला एलेमा जवळजवळ ओढतच होती. खिंडीच्या तोंडाशी धूळ उठली होती. हजारभर गुरं, नुसते सापळे! चाऱ्याच्या ओढीनं ती हंबरत पुढं रेटत होती.

एलेमानं बाजूला पडलेली काटेरी फांदी उचलली आणि वाटेत आडवी टाकली. तळहातांतून रक्त आलं.

"काठी कुठं आहे?" पंचांचा म्होरक्या मोलू ओरडला. "गवत नाही?"

"कमरेएवढं आहे, मोलूकाका. पण आत कुणी जायचं नाही. काळपुळी आहे."

एकच गदारोळ उठला. "दोन वर्षं अडवलंस, आता पुन्हा? कुणासाठी राखतेस?" कुणीतरी तिला ढकललं. ती काट्यांवर पडली.

तेवढ्यात बोनाया पुढं आला. "तिथं माझं गाढव चरलं," तो म्हणाला.

"मग?"

"डबा कुणाच्या पाठीवर आहे, बघा."

सगळ्यांनी बघितलं. दोरानं बोनायाचा खांदा सोलवटून निघाला होता. ते गाढव जिवंत असतं तर त्याला मागं टाकून तो आला नसता, हे गावाला पक्कं माहीत होतं.

मोलूनं पुढच्या गाईच्या तोंडावर काठी मारून तिला वळवलं. दक्षिणेच्या खोल विहिरी तीन दिवसांवर होत्या. अर्धी गुरंसुद्धा तिथवर पोचणार नव्हती, आणि ते प्रत्येकाला कळत होतं. बाया रडत रडत गुरं हाकू लागल्या.

एलेमाची एकुलती एक तांबडी गाय काही केल्या वळेना. खिंडीकडे तोंड करून ती हंबरत राहिली. एलेमानं तिच्या गळ्यात हात टाकला, "चल गं, बाई," म्हणाली, आणि तिला ओढत नेऊ लागली. मागं बोनाया त्या फांदीवर एकेक दगड रचत होता.