श्वेत बटूची तीन पुस्तकं

"चोरी झाली ताई! अन् कव्हरं मात्र जागच्या जागी हायेत!"

दारातूनच एवढं ओरडून एक मुलगी खुर्चीत कोसळली. दसऱ्याचा दुसरा दिवस होता. बुलडाण्याच्या खाजगी गुप्तहेर जयमालाताई चहा घेत होत्या आणि त्यांचा मदतनीस गोविंदा कालच्या पुरणपोळीशी झुंजत होता. त्याचा घास तोंडातच राहिला.

मुलीचं नाव मंजुश्री. गाव देऊळघाट. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली. परवा पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिची मुलाखत होती आणि आज संध्याकाळची बस.

"श्वेत बटू ताऱ्यांवरची तीन पुस्तकं होती," ती म्हणाली. "त्यांच्या समासात मी वर्षभर गणितं केली. मुलाखतीत त्याच्यावरच बोलायचं हाय. पुस्तकं नसली तर मी जाऊन करू काय?"

"मोबाईलवर भेटत नाहीत का?" गोविंदाने विचारलं.

"भेटतात ना, ढीगभर! एखाद्यात नुसत्या गोष्टी, गणिताचा पत्ता नाही. एखाद्यात पहिल्या पानापासून असं गणित का डोकंच फिरते. आतली आग विझल्यावर तारा पार चेपून काऊन जात नाही, पृथ्वीएवढा होऊन काऊन थांबते, हे धड समजून सांगणारी तीनच निघाली. एक सीनियरनं दिलं, एक पुण्याहून मागवलं. तिसरं सगळ्यात चांगलं. ते आता छापतच नाहीत. बाबांनी नागपुरात जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालून आणलं."

तिने पिशवीतून तीन पुस्तकं काढली. तिन्हींना वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर तिचंच अक्षर आणि मधोमध हळदीकुंकवाचा डाग. काल ती पूजेत मांडली होती. पूजेतल्या पुस्तकाला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा रिवाज. आज सकाळी तिने उघडली, तर आत आजोबांच्या जुन्या पोथ्या!

"अरे बापरे!" गोविंदा म्हणाला.

जयमालाताईंनी एक कव्हर सोडवलं. आतल्या पोथीच्या पुठ्ठ्यावर, बरोबर त्याच जागी, लालपिवळा डाग होता. त्यांनी बाकीची दोन कव्हरंही काढून पाहिली, बोटाने पुठ्ठे चाचपले आणि चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

देऊळघाटला पोचल्यावर पहिल्यांदा भेटले मंजुश्रीचे वडील, भगवानराव. ओसरीत सोयाबीनची भरलेली पोती, म्हणजे तिकडचे कट्टे, रचून ठेवले होते. त्यातल्या एकावर ते बसले होते. पाहुण्या बाईसाठीही ते उठले नाहीत.

"चोर काय शोधता? समोरच राहते," ते म्हणाले. "हर्षल! त्याचीबी तीच मुलाखत हाय. काल संध्याकाळी सोनं द्यायले आला अन् पूजेपाशी एकटाच उभा होता. साऱ्या गल्लीले मी सांगून ठेवलं."

तेवढ्यात ट्रॉलीवाला आला. "काका, मोताळ्याच्या बाजाराले माल नेतो ना आता?"

"आज नाही. नंतर पाहू," भगवानराव बसल्या जागेवरूनच खेकसले. ट्रॉलीवाला पुटपुटत निघून गेला.

समोरच्या घरात हर्षल रडवेला होऊन बसला होता. "सकाळपासून लोक मले चोर म्हणून राह्यले. आपट्याची पानं ठेवली, नमस्कार केला, निघालो. मंजुश्रीचं पुस्तक घेऊन मी करू काय? समजलं नाही तर मी तिलेच विचारतो!"

"म्हणजे एकटा होता तू?" गोविंदाने डोळे बारीक केले.

"हाव."

"झालं! कबूल केलं त्यानं!" गोविंदा ताईंच्या कानाशी लागला. ताईंनी त्याला नुसतं कोपराने ढोसलं.

स्वयंपाकघरात मंजुश्रीची आई, अन्नपूर्णाबाई, डोळे पुसत होत्या.

"काल पूजा कोणी मांडली?" ताईंनी विचारलं.

"आमच्याकडे घरधनी एकटेच मांडतात. दार लोटून. मांडून झाली का आम्हाले बोलावतात, मंग मी हळदीकुंकू वाहतो. पोरगी काल सकाळपर्यंत वाचतच होती. आंघोळीले गेली तवा पुस्तकं यांच्या हाती देऊन गेली."

"हळदीकुंकू कोरडं वाहता का ओलं?"

"ओलं. कोरडं उडते ना पंख्यानं."

ताईंनी सगळ्यांना ओसरीत बोलावलं. हर्षललाही.

"सगळे समजून राह्यले, पुस्तकं पूजेनंतर बदलली," त्या म्हणाल्या. "पण ओलं कुंकू कव्हरातून झिरपून आतल्या पोथीवर उतरलं. तिन्हींवर, त्याच जागी. वाळल्यावर कव्हर चढवलं असतं, तर पोथी कोरी राह्यली असती. म्हणजे हळदीकुंकू वाहिलं तवा आत पोथ्याच होत्या. हर्षल आला संध्याकाळी. तो सुटला."

गोविंदाचं तोंड पडलं.

"दुसरं. चोरानं पोथ्याच काऊन घातल्या? घरात रद्दी काय कमी हाय? कारण त्याले माहीत होतं, आता याची पूजा होणार. रद्दीले हळदीकुंकू वाहायचं त्याच्या जिवावर आलं. हा माणूस देवाले भिणारा हाय. अन् पूजेआधी, लोटलेल्या दाराआड, पुस्तकं एकाच माणसाच्या हाती होती."

ताई भगवानरावांकडे वळल्या.

"भगवानराव, आम्ही आल्यापासून तुम्ही त्या कट्ट्यावरून उठले नाही. ट्रॉलीसुद्धा परत धाडली. जरा उठता का?"

अन्नपूर्णाबाईंच्या हातातलं ताट खाली पडलं. मंजुश्री ताडकन पुढे आली. "काहीतरीच काय ताई! बाबा? माझे बाबा?"

भगवानराव उठले. बराच वेळ त्यांना कट्ट्याची गाठ सुटेना. शेवटी गोविंदाने सोडली. सोयाबीनच्या दाण्यांत हात घातला, तर एकामागून एक तीन पुस्तकं वर आली.

"तूच सांगत होती ना," भगवानराव जमिनीकडे बघत म्हणाले, "त्या ताऱ्यात आग उरत नाही, जुनी ऊब तेवढी राहते. तू गेली का या घराचं तेच होते, पोरी. मले पाहवलं नसतं."

मंजुश्रीने नागपूरचं ते तिसरं पुस्तक उचललं. तिचा अजूनही विश्वास बसत नव्हता.

"पण हे तर तुम्हीच शोधलं होतं ना, बाबा? एवढं फिरून?"

"हाव. म्हणूनच तर मले माहीत होतं, दुसरं कुठंच भेटत नाही."

मंजुश्री भिंतीला टेकून उभी राहिली. मग तिने तिन्ही पुस्तकं छातीशी धरली, आत नेऊन बॅगेत ठेवली. ती आईच्या पाया पडली आणि बाहेर येऊन वडिलांसमोर थांबली.

"तुम्ही हर्षलले चोर केलं. आधी त्याची माफी मागा. गल्लीत, सगळ्यांदेखत. मंग तुमच्या पाया पडतो."

भगवानरावांनी हर्षलचा हात धरला आणि ते चपला न घालताच गल्लीत उतरले. मंजुश्री बॅग घेऊन ओसरीत त्यांची वाट पाहत बसली.