तोच पंखा, तिसऱ्यांदा

"ताई, याची थरथर थांबवा हो… पार ट्रॅक्टर हादरतोय!"

वणीकडचा एक तरुण दारात उभा होता, हातात द्राक्षबाग फवारायच्या ब्लोअरचा भलामोठा पंखा.

"ताई नाही. तेजस्विनी," मी म्हटलं.

"मी… वाल्मीक." कान लाल झाले त्याचे.

अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये फिरणाऱ्या वस्तूंचा तोल साधून देतात. मी नवीनच लागले होते, नोकरी अजून कच्ची. पंखा मशीनवर चढवला, तर सगळं खडखडलं. हलकी बाजू सापडली, तिथे मी बोल्टने एक चकती आवळली आणि पुन्हा सुरू केलं. पाती दिसेनाशी झाली. मशीनवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला… साधा तरंगही नाही! अगं बाई, रोज बघते तरी श्वास अडकतोच माझा. एवढा वेग, आणि एवढी शांतता!

"आईशप्पथ… एवढ्याशा चकतीनं?" तो कपाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

आठवड्याने पंखा परत आला, चकती गळालेली. मी नवी आवळली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच! आता मात्र मालक, धनराजशेठ, भडकले.

"पोरी, बोल्टसुद्धा आवळता येत नसेल, तर उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात वाल्मीकने खिशातून दोन चकत्या काढून टेबलावर ठेवल्या.

"शेठ, यांची चूक नाय. मीच काढल्या, पान्यानं."

"का रे बाबा?"

"इथं यायला… दुसरं कारण नव्हतं."

शेठ आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "कामावर ये उद्या," असं पुटपुटत ते बाहेर गेले.

"अक्कल गहाण टाकली होती का?" मी ओरडले. "पातं सुटून लागलं असतं म्हणजे?" आणि माझा आवाजच कापला. नोकरी वाचली होती की! मग ही धडधड कसली? त्याच्यासाठीच होती… दुसऱ्या कुणासाठी?

"चुकलं. लय चुकलं," तो हळूच म्हणाला. "पण त्या दिवशी तो चहा हलला नाय ना… तेव्हापास्नं मीच हललोय."

मला फसकन हसू आलं. मी चकती पुन्हा बसवली, चांगली घट्ट.

"आता पंखा आणायचा नाही. शनिवारी वर्कशॉप बंद असतं… हात हलवत ये."

"खरंच?"

"खरंच."

तो इतका हरखला, की पंखा तिथेच टाकून पिकअपकडे निघालासुद्धा.